बॉनेट कोण उघडणार?

मैत्रिणींनो, बायकांनी गाडी चालवायला शिकावं की नाही, यावर आता आपल्या गटांमध्ये वाद उरलेला नाही. १९८०च्या दशकात साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी रेल्वेचं इंजिन हाती घेतलं. २०२३ साली अर्चना अत्राम यांनी सासवड आगारातून एसटी बाहेर काढली. आमच्या दारव्हा तालुक्यात, बोरी अरबसारख्या गावातही लायसन्स काढलेल्या बायका आहेत. पण बॉनेट? ते अजून पुरुषांच्याच ताब्यात आहे, आणि माझं म्हणणं त्याबद्दल आहे.

आमच्या गटाकडे एक सेकंडहँड गाडी आहे. कोर्टाची तारीख असो की यवतमाळचा सरकारी दवाखाना, तीच धावते. गेल्या हिवाळ्यात ती आचके देऊ लागली. उभी असताना इंजिन थरथरायचं, चढावर दम लागायचा, टाकी लवकर रिकामी व्हायची. काट्यांच्या शेजारी इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला. दोनदा ती रस्त्यातच बंद पडली. त्यातली एक वेळ रात्रीची होती, आणि मागच्या सीटवर नवऱ्याच्या मारातून सोडवून आणलेली बाई दोन लेकरांसह बसलेली होती. अशा वेळी गाडी बंद पडणं ही नुसती गाडीची तक्रार राहत नाही.

एका गॅरेजात सांगितलं, हवेचा सेन्सर गेला, नवा टाका. आकडा काही हजारांचा. गाडी चालवणाऱ्या आमच्या मैत्रिणीने विचारलं, हा सेन्सर असतो कुठे? उत्तर आलं, "बाई, तुम्ही कायले हात काळे करता? घरच्या माणसाले पाठवा." कापूस वेचून बोटं फाटलेल्या बाईला हे सांगायचं!

आमच्यातल्या एकीची मुलगी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गात आहे. वर्गात मुलगी ती एकटीच. तिने आम्हा सगळ्यांना गाडीभोवती उभं करून दाखवलं. एअर फिल्टरच्या डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर हा सेन्सर बसवलेला असतो. त्यात केसासारखी बारीक तार किंवा पातळ पापुद्रा असतो आणि तो विजेवर गरम ठेवलेला असतो. आत जाणारी हवा त्याला थंड करते. गरम ठेवायला किती वीज लागली त्यावरून गाडीतला कॉम्प्युटर हवा मोजतो आणि तेवढं इंधन सोडतो. तारेवर धूळ बसली की मोजमाप चुकतं. आमच्याकडे कापसाच्या हंगामात कच्च्या रस्त्याची धूळ आणि रुईचे तंतू काय कमी असतात? फिल्टरचा डबा उघडला तर आत गोधडीचा कापूस निघावा तसा थर निघाला. म्हणून आधी फिल्टर बघायचा. तो घाणेरडाच ठेवला तर सेन्सर पुसून उपयोग नाही.

पुसून म्हटलं खरं, पण पुसायचं मुळीच नाही. स्टोव्ह पेटेना की पिन घालायची, काही मळलं की पदराने पुसायचं, ही आपल्या हातांची सवय. इथे पिन, फडकं, कापसाची काडी, काहीही लावलं की तार गेली. तोंडाने किंवा हवेच्या पंपाने फुंकरही घालायची नाही. पेट्रोल, कार्बुरेटरचा किंवा ब्रेकचा स्प्रेही चालत नाही. फक्त याच सेन्सरसाठी मिळणारा स्प्रे वापरायचा. त्याचा डबा काही शे रुपयांत येतो.

इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यायचं. किल्ली काढायची, बॅटरीची वजा बाजूची तार सोडवायची. सेन्सरचा प्लग खटका दाबून ओढायचा, वायरला धरून कधीच नाही. स्क्रू काढून सेन्सर हळूच बाहेर घ्यायचा. मग वीतभर अंतरावरून दहा-पंधरा छोटे फवारे. हा स्प्रे पेट घेतो, त्याची वाफ डोक्यात जाते, म्हणून काम अंगणात करायचं. जवळ चूल नको, बिडी नको, लेकरं नकोत. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. मग सेन्सर सावलीत आपोआप वाळू द्यायचा, किमान पंधरा-वीस मिनिटं. ओला असताना बसवून गाडी चालू करण्याची घाई महागात पडते. बसवताना बाणाची खूण हवेच्या दिशेने, आणि प्लास्टिकमध्ये स्क्रू जोर लावून आवळायचे नाहीत.

आमची गाडी सुधारली. सगळ्यांचीच सुधारेल असं मी म्हणत नाही. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत आणि जुन्या जीपमध्ये हा सेन्सर नसतोच. गॅरंटी चालू असेल तर हात लावू नये. तार खरंच तुटली असेल तर नवा सेन्सर टाकावाच लागतो. पण तुटली की मळली हे विचारता येणं आणि उत्तर तपासता येणं, यासाठी आपल्याला एक दुपार लागली.

उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात महिला समाख्याच्या बायकांनी १९९०च्या दशकात हातपंप दुरुस्ती शिकून घेतली. पाणी भरायचं बाईने आणि पंप उघडायचा पुरुषाने, ही वाटणी त्यांनी मोडली. महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण १९९४चं. त्यानंतर बायकांसाठी प्रशिक्षणं पुष्कळ झाली, पण शिवण, पापड, ब्युटी पार्लर यांच्यापुढे पाऊल अडखळतं. आता कुठे ड्रायव्हिंग आलं, तर त्यातही बाईला स्टिअरिंगपुरतंच शिकवतात. सरकारी पैशाने चालणाऱ्या ड्रायव्हिंग वर्गात फिल्टर, बॅटरी, चाक बदलणं आणि हा सेन्सर शिकवलाच पाहिजे, असा ठराव आम्ही बैठकीत केला आहे. आपापल्या गटांतही करा.

आमच्याकडे एका ज्येष्ठ बाईंनी विरोध केला. अत्याचाराच्या केसेस पडून असताना हे कसलं खूळ, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना एवढंच विचारलं की त्या रात्री ती बाई आणि लेकरं रस्त्यावर किती वेळ बसून होती. पुढच्या शिबिरासाठी भंगारातून दोन निकामी सेन्सर आणून ठेवलेत. ते बिघडले तरी चालतील, बिनधास्त उघडा.