सोन्याचे वासरू आणि सातबारा

मूर्तिपूजा हा शब्द कानी पडला की आमची नजर आपोआप उंबऱ्याबाहेर जाते. धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा पाठ केल्यापासून पहिली आज्ञा दुसऱ्या कोणासाठी तरी आहे, अशी आमची समजूत झाली आहे. दुसरीकडे, नव्या पंथांचे प्रचारक आमच्या दारी येऊन आमच्याच वेदीवरील मरियामातेच्या पुतळ्याकडे बोट दाखवतात, तेव्हा आम्ही खवळून उठतो. वास्तविक त्या वादाचा निकाल इ. स. ७८७ साली निकेयाच्या दुसऱ्या धर्मसभेने दिलेला आहे. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, तो त्या व्यक्तीला पोहोचतो. आराधना मात्र एकट्या परमेश्वराची. तेव्हा पुतळ्यांविषयी आम्हांला खाली मान घालण्याचे कारण नाही. खाली मान घालावी असे जे आहे, ते देवळात नसून आमच्या घरातील कपाटात आहे.

संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लोभाला स्पष्टपणे मूर्तिपूजा म्हटले आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो की मूर्तिपूजा ही केवळ परधर्मीयांची गोष्ट नव्हे; परमेश्वराच्या जागी पैसा, सत्ता वा सुख बसवणारा प्रत्येक जण मूर्तिपूजक होय. आणि २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या प्रेषितीय उद्बोधनात पैशाच्या पूजेला जुन्या सोन्याच्या वासराचे नवे रूप म्हटले.

त्या वासराची कथा आम्हांला ठाऊक आहे, पण तिचा शेवट आम्ही विसरतो. मोशे डोंगरावरून उतरला आणि त्याने अहरोनाला जाब विचारला. अहरोनाने काय उत्तर द्यावे? लोकांनी सोने दिले, ते मी अग्नीत टाकले, आणि हे वासरू आपले आपणच बाहेर आले! निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायातील हे उत्तर आम्ही गेली तीन-चार दशके वसईत ऐकत आहोत. वाड्या कशा गेल्या? काळच तसा आला. विहिरी कशा आटल्या? सर्वत्र तेच झाले. सुकेळी वाळवण्याचे मांडव, पानवेलींचे मळे, रहाटाची विहीर यांच्या जागी इमारती कशा उभ्या राहिल्या? बिल्डरांनी लुटले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी आम्ही रस्त्यावर उतरलो, तो लढा न्याय्यच होता आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. २०२४ साली फादर गेले, तेव्हा आम्ही अश्रू ढाळले. परंतु खरेदीखतावर विकत घेणाऱ्याची सही असते, तशीच विकणाऱ्याचीही असते, हे सांगण्याचे धैर्य आम्ही किती दाखवले? वासरू आपले आपण बाहेर येत नाही.

जमीन विकणे हे पाप आहे, असे आमचे म्हणणे नाही. आजारपण, शिक्षण, कर्ज यांपायी अनेकांना वाडी विकावी लागली. आमचा रोख आहे तो विक्रीच्या आदल्या दिवशी घरात जे घडते त्यावर.

वडील गेलेले असतात. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागायची असतात. लग्न होऊन पंधरा वर्षांपूर्वी सासरी गेलेल्या बहिणीला निरोप जातो: आधार कार्ड घेऊन ये, एका कागदावर सही हवी आहे. निबंधकाच्या कचेरीत गर्दी असते. कागदावर 'हक्कसोडपत्र' असे लिहिलेले असते. ते वाचण्याइतका अवधी तिला मिळतोच असे नाही. आकडा कोणी सांगत नाही. सही होते, अंगठ्याला शाई लागते, सर्वांना चहा मिळतो, आणि नाताळात एक भारी साडी येते. जी बहीण प्रश्न विचारते, तिला माहेरच्या ओट्यावर कोणी 'ये, बस' म्हणत नाही. अशी घरे प्रत्येक धर्मग्रामात आहेत, आणि ती कोणती, हे त्या धर्मग्रामात सर्वांना ठाऊक असते.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. आम्हां ख्रिस्ती लोकांना लागू असलेला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा आहे. मृत्युपत्र न करता वडील वारले, तर एक तृतीयांश हिस्सा विधवा पत्नीचा आणि उरलेला सर्व मुलांचा समसमान. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. 'तिच्या लग्नात दिले की!' हा आमचा ठरलेला युक्तिवाद. पण वडिलांनी हयातीत अपत्याला दिलेले काहीही त्याच्या हिश्शातून वजा करता येत नाही, असे त्याच कायद्याचे ४९ वे कलम सांगते. केरळात १९१६ च्या त्रावणकोर कायद्याने मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा ५,००० रुपये, यांतील जे कमी तेवढेच दिले होते. त्याविरुद्ध मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८६ साली जिंकल्या. आमच्या बहिणींना तो कायदा जन्मापासून मिळालेला आहे; त्यांच्याकडून तो काढून घेण्याचे काम आम्ही घरच्या घरी करतो.

कोणी म्हणेल, भावाने वाडीत घाम गाळला, आईवडिलांची सेवा केली, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. त्या कष्टांचे मोल बहिणीलाही कळते, आणि अनेक बहिणी आपला हिस्सा मोकळ्या मनाने सोडतातही. त्या दानाला आम्ही वंदन करतो. पण दान तेच, जे नाकारण्याची मुभा असते. किंमत लपवून, माहेर तुटण्याची भीती घालून घेतलेली सही हे दान नव्हे. ती सातव्या आज्ञेविरुद्धची चोरी आहे, आणि तिच्या मुळाशी पहिल्या आज्ञेचा भंग आहे. माहेर हे सहीचे बक्षीस नव्हे.

पवित्र शास्त्राने मूर्ती आणि जमीन यांची सांगड फार पूर्वीच घातली आहे. राजा अहाबाच्या घरी बआलाची पूजा चाले, आणि त्याच घरात नाबोथाचा द्राक्षमळा बळकावण्याचा कट शिजला. तोही खोट्या साक्षीने, कायद्याचे सोंग आणून! जिथे खोटा देव बसतो, तिथे शेजाऱ्याच्या कुंपणावर कुऱ्हाड पडतेच. याउलट गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या सलाफहादाच्या पाच लेकी सर्व मंडळीसमोर उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात. मोशे तो प्रश्न परमेश्वरापुढे नेतो, आणि परमेश्वर कौल देतो की त्या लेकींचे म्हणणे योग्य आहे. सलाफहादाला मुलगा नव्हता, हे खरे. परंतु लेकीने वाटा मागणे हा उद्धटपणा नव्हे, हे त्या दिवशी कायमचे ठरले.

मग ही मूर्ती फुटायची कशी? घणाने ती फुटत नाही. मोशेने वासराचे चूर्ण करून ते पाण्यात मिसळून लोकांना पाजले, तरी लोभ पोटात राहिलाच. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कयाकडे पाहा. येशूने त्याला आधी दरडावले नाही, हिशेब मागितला नाही. तो आपण होऊन त्याच्या घरी पाहुणा झाला. ज्या घरी प्रभू उतरला, त्या घरी पैशाची थैली अचानक हलकी झाली. अर्धे गरिबांना, आणि ज्याला नाडले त्याला चौपट! तारण त्या घराला आले आहे, हे प्रभूने त्यानंतर जाहीर केले. श्रद्धेने मूर्तीवर मिळवलेला विजय तो हा. मोठे धन हाती आले म्हणून लहान धनाची मूठ सुटली.

आम्ही मात्र मूठ न सोडता क्षमा मागतो. प्रायश्चित्तकाळात पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहतो, मिस्सा चुकल्याचे सांगतो, राग आल्याचे सांगतो. बहिणीचे नाव ओठांवर येत नाही. क्षमेने पाप जाते, परंतु घेतलेली वस्तू परत करण्याचे ऋण तिने फिटत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. बहिणीचे हिरावून घेतलेले लाखो रुपये आणि देवळाच्या नव्या फरशीला दिलेली काही हजारांची देणगी यांची वजाबाकी परमेश्वर करीत नाही.

म्हणून आमचे मागणे थोडे आणि स्पष्ट आहे. बापांनी शुद्धीत असताना, सर्व लेकरांना समोर बसवून, न्याय्य मृत्युपत्र करावे. विक्रीपूर्वी भावांनी बहिणींना खरा आकडा सांगावा. धर्मगुरूंनी वेदीवरून हा विषय नाव घेऊन मांडावा. देणगीदार दुखावतील, तर दुखावू द्यावेत. आणि ज्यांनी पूर्वी सही घेतली, त्यांनी सातबारा बदलता येत नसेल तर बहिणीचे दार तरी ठोठवावे, आणि ठोठवताना हात रिकामे नसावेत.

येत्या नाताळात साडीऐवजी हिशेबाचा कागद घेऊन एखादा भाऊ बहिणीच्या अंगणात उभा राहील, तर आम्ही म्हणू, आज या घराला तारण आले.