स्केग कापण्याआधी

‘सुकाणू’ हा आपला शब्द अरबीतल्या ‘सुक्कान’चाच. उर्दू-मराठी शिकवताना अशी नाती सापडली की मजा येते. पण मित्रहो, आज बोलायचे आहे ते सुकाणूला टेकू देणाऱ्या स्केगबद्दल.

लांबच्या सफरीच्या अनेक जुन्या शिडाच्या बोटींना बुडाखाली, मागच्या बाजूला एक पक्का पंखा असतो. तोच स्केग. सुकाणू त्याच्या मागे बिजागरीने लावलेल्या दारासारखे फिरते. हल्ली काही जण स्केग कापून मोकळे सुकाणू बसवतात. मला हे पटत नाही.

फायदा खोटा नाही. मोकळ्या सुकाणूचे थोडे पाते दांड्याच्या पुढेही असते, पाण्याचा दाब त्यावरही पडतो, हात हलका होतो. पण खालचा आधार गेला की सगळा ताण एकट्या दांड्यावर, तोही बुडातून बाहेर पडतो नेमका तिथे. म्हणजे दांडा जाड हवा, भोवतालचे बूडही मजबूत हवे. शिवाय बोटीचे सरळ चालणे कमी होते.

१९७९च्या फास्टनेट शर्यतीतल्या वादळात कित्येक बोटींची सुकाणी मोडली. सर्वांत लहान गटातून शर्यत पुरी केली एकट्या ‘असेंट’ने. ती कॉन्टेसा ३२ जातीची, स्केगवाली. सारे श्रेय स्केगला देता येणार नाही, हेही खरे.

बोट सारखी वाऱ्याकडे वळते, हात भरून येतो? आधी मोठे शीड लहान करून पाहा. बदल करायचाच तर अर्धा स्केग राखा. आणि बोट किनाऱ्यावर काढाल तेव्हा स्केगच्या मुळाशी तडा दिसतो का, तांबूस पाणी पाझरते का, ते आधी तपासा.