दोन विषयांची एक पदवी

परीक्षांचे निकाल लागले कीं आमच्या बोर्ली पंचतनच्या बाजारांत आणि एस. टी. च्या थांब्यावर एकच प्रश्न ऐकूं येतो : मुलास कोणत्या लाइनीला घालावें? हल्लीं या जुन्या प्रश्नास एक नवी शेपटी फुटली आहे. इंजिनिअरिंगला जावयाचें हें तर ठरलें. पण मग एकच विषय कां? चार वर्षें घालवावयाचींच आहेत, तर स्थापत्याबरोबर वीज, यंत्राबरोबर संगणक, असे दोन मुख्य विषय घेऊनच कां बाहेर पडूं नये? गेल्या वर्षीं एका पालकांनीं आम्हांस हेंच विचारलें, तेव्हां आम्हांला धड उत्तर देतां आलें नाहीं. तें ऋण येथें फेडावें म्हणतों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, ही इच्छा आम्हांस मुळींच वेडगळ वाटत नाहीं. ता. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें. शास्त्राच्या शाखा पुस्तकांत जितक्या निरनिराळ्या दिसतात तितक्या त्या वाऱ्यांत नसतात, हें त्या दिवशीं सर्वांनींच पाहिलें. पोफळी मोडल्या, कौलें व पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, आणि पुढें कित्येक दिवस श्रीवर्धन तालुक्यांतील गांवें अंधारांत राहिलीं. आतां खांब पडला हा दोष कोणत्या शास्त्राचा? पाया, जमिनीची धारणशक्ति व वाऱ्याचा दाब हा स्थापत्याचा भाग. तारांची मांडणी आणि संकटसमयीं प्रवाह तोडण्याची व्यवस्था हा विजेचा. तारा जमिनीखालून न्याव्या म्हणावें, तर पुळणींत खारें पाणी किती हातांवर लागतें हें आधीं पाहिलें पाहिजे. एकच शास्त्र शिकलेला मनुष्य निम्म्या वाटेवर येऊन दुसऱ्याची वाट पाहत बसतो. दोन्ही जाणणारा एखादा इंजिनिअर या किनाऱ्यास मिळाला तर तो कोणास नको आहे?

परंतु इच्छा चांगली म्हणून वाट सोपी होत नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें पदवी-शिक्षणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत दोन मुख्य विषयांची सोय आहे. अट अशी कीं, एकूण श्रेयांकांपैकीं निदान शेंकडा ४० दुसऱ्या विषयांत मिळविले पाहिजेत. म्हणजे चार वर्षांच्या १६० श्रेयांकांत ६४. श्रेयांक म्हणजे काय तें पालकांसाठीं सांगतों. आठवड्यास एक तास, याप्रमाणें एक सत्रभर व्याख्यान ऐकून परीक्षा दिली कीं एक श्रेयांक पदरीं पडतो. प्रयोगशाळेंत मात्र त्याच एकासाठीं आठवड्यास दोन तास उभें राहावें लागतें. आठ सत्रांत १६० म्हणजे दर सत्रास २०. तेव्हां ६४ श्रेयांक हें तीन सत्रांहून अधिक काळाचें काम झालें.

कला किंवा विज्ञानाच्या पदवींत एवढी जागा काढतां येते. इंजिनिअरिंगमध्यें ती सहसा निघत नाहीं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना-अभ्यासक्रमांत एकंदर १६०च श्रेयांक आहेत, आणि त्यांतच गणित, भौतिक, रसायन, कार्यशाळा, शाखेचे विषय व शेवटचा प्रकल्प हें सारें बसवावयाचें असतें. म्हणून तेथें दुसरी शाखा बहुधा 'मायनर' या नांवानें येते, व तिच्यासाठीं १८ ते २० श्रेयांक जादा मिळवावे लागतात. १८ आणि ६४ यांतील अंतर आमचा पांचवीचा विद्यार्थीही सांगेल. परंतु रंगीत माहितीपत्रक हातीं पडलें कीं मोठमोठ्यांना तें दिसेनासें होतें! प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वीं पालकांनीं एकच गोष्ट लेखी विचारावी : पदवीपत्रावर नक्की कोणते शब्द छापले जातील?

खरोखर दोन पदव्या एकत्र देणारी व्यवस्था आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यांत आहे. पिलानीच्या बिट्स संस्थेची शाखा तेथें २००४ सालीं निघाली. तीमध्यें भौतिक, गणित वा अर्थशास्त्र अशा विषयाच्या एम्. एस्सी. ला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षाचे गुण पाहून इंजिनिअरिंगची शाखाही मिळते, आणि दोन्ही पदव्या साधारणतः पांच वर्षांत पुऱ्या होतात. त्या व्यवस्थेंत आम्हांस दोन गोष्टी प्रामाणिक वाटतात : दुसरा विषय पहिल्या वर्षाची परीक्षा पाहून दिला जातो, आणि वर्षें चारांचीं पांच होतात हें आधींच सांगितलें जातें. संस्था खाजगी असल्यामुळें खर्च मात्र मोठा आहे.

आमच्या मुलांस जवळचें म्हणजे माणगांवापलीकडे लोणेऱ्याचें, १९८९ सालीं स्थापन झालेलें डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. ज्यांचें नांव त्यास दिलें आहे त्यांचें चरित्र या प्रश्नाला फार लागू पडतें. १९१६ सालीं लंडनास पोंचल्यावर डॉ. आंबेडकरांनीं अर्थशास्त्र व कायदा हे दोन अभ्यास एकाच वेळीं सुरू केले. एक लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें, दुसरा ग्रेज इनमध्यें. इतक्या बुद्धीच्या व कष्टाळू माणसालाही बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपतांच १९१७ सालीं दोन्ही अभ्यास अर्धे टाकून परत यावें लागलें. पुढें १९२० सालीं ते पुन्हां गेले, आणि दोन्ही तडीस नेऊनच आले. कमी पडली ती बुद्धि नव्हे, पैसा व मुदत. उपासनेच्या वेळीं बुरूज बांधणाऱ्याचा जो दृष्टांत आपण ऐकतों, त्यांत तरी दुसरें काय आहे? आधीं बसून खर्चाचा हिशेब करा.

विश्वेश्वरय्यांची वाट निराळी होती. त्यांनीं १८८१ सालीं बंगळूरास बी. ए. केलें आणि नंतर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें येऊन १८८३ सालीं इंजिनिअरिंगची परीक्षा दिली. एक पुरें, मग दुसरें.

येथें आमच्यावर कोणी आक्षेप घेईल कीं, शहरांतील मुलें दोन-दोन विषय घेऊन पुढें जातील आणि तुम्ही खेड्यांतल्या मुलांना थांबा म्हणतां. आक्षेप खरा आहे, आणि तो आम्हांस बोंचतोही. परंतु मराठींत किंवा उर्दूंत शिकलेल्या आमच्या मुलाचें पहिलें सत्र इंग्रजी पुस्तकाशीं झटापट करण्यांतच जातें. त्याच सत्रांत त्याच्या डोक्यावर दुसरें ओझें ठेवणें हा न्याय नव्हे. वाडींत पोफळीवर मिरवेल चढवितात, नारळाच्या सावलींत जायफळ लावतात. एकाच पाण्यावर दोन-तीन पिकें निघतात. पण पोफळ अंगानें भरल्यावांचून तिच्यावर वेल चढविलेला आम्हीं तरी पाहिला नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, पहिल्या वर्षीं एकच शाखा. गुण चांगले पडले, आणि दोन्ही शास्त्रांवांचून न सुटणारा एखादा प्रश्न मुलाच्या मनांत खरोखर घर करून बसला, तर दुसऱ्या वर्षापासून मायनर घ्यावें. केवळ नोकरीच्या भयानें घेऊं नये. भयानें घेतलेला विषय परीक्षा संपतांच विसरतो. आणि मायनरनेंही भूक भागली नाहीं तर एम्. टेक्. आहेच.

ज्या पालकांनीं प्रश्न केला होता त्यांच्या वाडींतील बहुतेक पोफळी त्या वादळांत गेल्या. नवीं रोपें लावलीं, परंतु पोफळ फळास यावयास पांच-सात वर्षें तरी लागतात. मुलाच्या शिक्षणाचा पैसा त्याच वाडींतून काढावयाचा होता. पांचव्या वर्षाचा खर्च कोठून आणावयाचा, हा त्यांचा दुसरा प्रश्न होता, आणि तो त्यांनीं हळू आवाजांत विचारला होता. मुलगा आतां लोणेऱ्यास आहे, सुट्टींत घरीं येतो. स्थापत्य घेतलें आहे. विजेच्या खांबांविषयीं पुष्कळ बोलतो. दुसऱ्या विषयाचा अर्ज मात्र त्यानें अजून भरलेला नाहीं.