कावळा, फांदी आणि पिवळी जर्सी

१/ आल्प्सच्या खिंडींतून होणाऱ्या सायकल शर्यतींचा विषय निघाला की एक कथा हमखास सांगितली जाते. जुलै १९४८ मध्ये इटली यादवीच्या उंबरठ्यावर उभी होती. जिनो बार्ताली नावाच्या सायकलपटूने फ्रान्समधील घाट सर केले आणि देश वाचला. कथा देखणी आहे. तिच्यात दऱ्या आहेत, पाऊस आहे, खुद्द पंतप्रधानांचा दूरध्वनी आहे. फक्त तारखांचा मेळ तेवढा नाही.

२/ आधी पार्श्वभूमी. महायुद्ध संपून जेमतेम तीन वर्षे झाली होती. उत्तर इटलीत १९४३ ते १९४५ या काळात इटालियनांनीच इटालियनांवर बंदुका रोखल्या होत्या आणि त्यांतल्या कित्येक बंदुका अजून तळघरांत, गोठ्यांत दडवलेल्या होत्या. १८ एप्रिल १९४८ च्या निवडणुकीत आल्चिदे दे गास्पेरी यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने सुमारे ४८ टक्के मते मिळवली. कम्युनिस्ट व समाजवादी यांच्या आघाडीला ३१ टक्क्यांवर थांबावे लागले. पराभव पचलेला नव्हता आणि विजयही नम्र नव्हता.

३/ १४ जुलै १९४८, सकाळ. रोममध्ये संसदेच्या इमारतीबाहेर आंतोनिओ पाल्लांते या विद्यार्थ्याने कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्याती यांच्यावर गोळ्या झाडल्या. तोल्याती गंभीर जखमी झाले. बातमी पसरताच कारखाने थांबले. तोरिनोत फियातच्या कामगारांनी कारखाना ताब्यात घेऊन संचालक वाल्लेत्ता यांना त्यांच्याच कार्यालयात अडकवून ठेवले. जेनोआत जमावाने पोलिसांच्या चिलखती गाड्या काबीज केल्या. तोस्कानातील आमियाता पर्वताच्या पायथ्याशी खाणकामगारांनी दूरध्वनी केंद्रावर चाल केली. कामगार महासंघाने सार्वत्रिक संप पुकारला.

४/ त्याच दिवशी टूर द फ्रान्सचे स्पर्धक कान शहरात विश्रांती घेत होते. बार्ताली चौतिशीला टेकलेला. त्याने ही शर्यत पूर्वी जिंकली होती, पण ती १९३८ मध्ये, म्हणजे दहा वर्षांपूर्वी. आता तो तरुण फ्रेंच स्पर्धक लुईझों बोबे याच्या २१ मिनिटांहून अधिक मागे होता. त्या रात्री दे गास्पेरी यांचा दूरध्वनी आला, असे बार्ताली पुढे सांगत असे. तो आला होता असेच धरून चालू. युक्तिवादाला त्याने काही फरक पडत नाही.

५/ १५ जुलै : कान ते ब्रियांसों, २७४ किलोमीटर. वाटेत आलोस, व्हार आणि इझोआर या तीन खिंडी, तिन्ही दोन हजार मीटरहून उंच. इझोआरचा रस्ता फ्रेंच लष्कराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सीमेच्या रक्षणासाठी बांधलेला. माथ्याजवळ घसरत्या दगडगोट्यांचा उजाड उतार आणि त्यातून वर आलेले खडकांचे सुळके. त्या दिवशी त्यावर पाऊस, चिखल आणि बोचरी थंडी.

६/ बार्तालीच्या सायकलीला आजच्यासारखे बोटाने दाबायचे गिअर नव्हते. मागे हात घालून एक दांडी फिरवायची, मागचे चाक सैल करायचे, पेडल उलटे मारत दुसऱ्या दांडीने साखळी सरकवायची आणि चाक पुन्हा आवळायचे. हे सगळे चालत्या सायकलीवर, गारठलेल्या बोटांनी. तरीही तो ब्रियांसोंला पहिला आला आणि बोबेची २१ मिनिटांची आघाडी जेमतेम एका मिनिटावर आली. हा पराक्रम निर्विवाद आहे. मात्र त्या संध्याकाळी पिवळी जर्सी अजून बोबेच्याच अंगावर होती.

७/ १६ जुलै : ब्रियांसों ते एक्स-ले-बें, २६३ किलोमीटर, गालिबिए आणि क्रुआ द फेर या खिंडी ओलांडून. बार्ताली पुन्हा जिंकला आणि पिवळी जर्सी त्याच्याकडे आली. आता इटलीतले घड्याळ पाहा. सार्वत्रिक संप संपला तो त्याच १६ जुलैच्या दुपारी १२ वाजता. शर्यत तेव्हा अजून रस्त्यावरच होती.

८/ ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ अशी आपल्याकडे म्हण आहे. योगायोगाला कारण समजणाऱ्यांसाठी ती पुरेशी आहे. येथे तर फांदी आधी मोडली आणि कावळा नंतर येऊन बसला. ज्या पिवळ्या जर्सीने देश वाचवल्याचे सांगितले जाते, ती कोणाच्या अंगावर चढण्याआधीच संप मागे घेतला गेला होता.

९/ कथेचे पाठीराखे येथे ब्रियांसोंकडे बोट दाखवतील : १५ तारखेचा विजय तर संप संपण्याआधीचा आहे! खरे आहे. रेडिओभोवती माणसे जमली, आनंद झाला, कदाचित काही चौकांत मुठी सैलावल्याही असतील. एक खासदार ती बातमी घेऊन सभागृहात धावत आला, असेही रंगवून सांगतात. पण लोकांना क्षणभर बरे वाटणे वेगळे आणि यादवी टळणे वेगळे. पहिल्यावरून दुसरे सिद्ध करायचे, तर शस्त्र उचलण्याचा निर्णय झाला होता आणि बार्तालीच्या विजयामुळे तो फिरवला गेला, हे दाखवावे लागेल. मुळात तसा निर्णय कम्युनिस्ट पक्षाने घेतलाच नव्हता.

१०/ मग आग विझवली कोणी? पहिले नाव खुद्द तोल्याती यांचे. जखमी अवस्थेतही त्यांनी सहकाऱ्यांना डोके शांत ठेवायला बजावले. दुसरे नाव पक्षनेतृत्वाचे. इटली अमेरिकेच्या प्रभावक्षेत्रात आहे आणि शेजारच्या ग्रीसमध्ये कम्युनिस्ट बंडखोर कोणत्या यादवीत अडकले आहेत, हे त्यांना दिसत होते. तिसरे नाव जुझेप्पे दि व्हित्तोरिओ यांच्या कामगार महासंघाचे. संप पुकारणारी संघटना तीच आणि मागे घेणारीही तीच. चौथे नाव गृहमंत्री मारिओ शेल्बा यांच्या पोलीस दलाचे. त्याचा धाक आणि त्याच्या गोळ्या दोन्ही खऱ्या होत्या.

११/ किंमतही खरी होती. त्या दिवसांत दहाहून अधिक माणसे मेली. त्यांत कामगार होते आणि पोलीसही. पुढे हजारोंना अटक झाली. संपाच्या वादातून कॅथलिक कार्यकर्ते कामगार महासंघाबाहेर पडले आणि संघटना फुटली. ‘सायकलने देश वाचवला’ या वाक्यात यांपैकी कोणालाच जागा नाही.

१२/ ही दंतकथा टिकली, कारण ती सोयीची आहे. बार्ताली निष्ठावान कॅथलिक होता, सत्ताधारी पक्षाच्या गोटातला लाडका वीर. संकट त्याच्या चाकांखाली विरले असे म्हटले की सरकारला दडपशाहीचा हिशेब द्यावा लागत नाही आणि मुळात लोक रस्त्यावर का उतरले, हा प्रश्नही उरत नाही. डाव्यांनाही एक सोय मिळाली : क्रांती का झाली नाही, या अवघड प्रश्नावर पिवळे पांघरूण घालता आले.

१३/ या कथेतला खरा अपमान मात्र सामान्य माणसाचा आहे. कथा मानली तर तोरिनो आणि जेनोआचे कामगार म्हणजे खेळण्याने रडे थांबवणारी लेकरे ठरतात. नेत्यावर गोळ्या झाल्या म्हणून उठले आणि शर्यतीचा निकाल ऐकून घरी गेले! प्रत्यक्षात ती संघटित, विचार करणारी माणसे होती. त्यांचा राग राजकीय होता आणि त्यांची माघारही राजकीय होती.

१४/ अन्याय बार्तालीवरही झाला आहे. दहा वर्षांच्या अंतराने ही शर्यत दुसऱ्यांदा जिंकणारा, एकाच स्पर्धेत सात टप्पे मारणारा, १८ जुलैला आपल्या चौतिसाव्या वाढदिवशी लोझानचा टप्पाही खिशात घालणारा हा सायकलपटू. त्याच्या थोरवीला यादवीच्या कुबड्यांची गरज नाही. इझोआरचा चिखल पुरेसा आहे.

१५/ म्हणून इतिहासप्रेमींनी एक साधी सवय लावून घ्यावी. ‘एका माणसाने एका दिवसात इतिहास बदलला’ असे वाक्य समोर आले की ते पुढे पाठवण्याआधी त्या दिवसाचे तास मांडून पाहावेत. कोणती गोष्ट किती वाजता घडली? निर्णय कोणी घेतला? मेले कोण? हे तीन प्रश्न विचारूनही जी कथा उभी राहील, ती खुशाल सांगावी. बार्तालीच्या पिवळ्या जर्सीची कथा पहिल्याच प्रश्नाला घाटाखाली उतरते.

(धागा समाप्त)