मेंदूचे चित्र आणि कालव्याचे शेपूट

"कला शाखेच्या मुलांना संगणक कशाला?" हा प्रश्न मी गेली तीन वर्षे ऐकत आलो आहे. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण मानसशास्त्राच्या तासाला मेंदूच्या आकृत्या पाठ करणाऱ्या आम्ही खऱ्या मेंदूचे चित्र कधी पाहायचेच नाही काय?

दिवाळीच्या सुट्टीत मी ते पाहिले. घरच्या जुन्या संगणकावर न्यूरोडेस्क उघडले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठातील संशोधकांनी पुढाकार घेऊन उभारलेली ही व्यवस्था फुकट वापरता येते. ब्राउझरच्या चौकटीत दूरच्या यंत्राचा पडदा दिसतो. माऊस आपल्या हाती, कष्ट त्या यंत्राचे. ओपनन्यूरो या खुल्या संग्रहातले एका अनामिक माणसाचे एम.आर.आय. चित्र घेतले आणि ऑक्सफर्डच्या एफ.एस.एल. या प्रणालीने कवटी वगळून मेंदू तेवढा वेगळा केला. मध्येच वीज गेली. ती आल्यावर पुन्हा जोडून पाहतो, तो तिकडचे काम केव्हाच पुरे झालेले!

यातली खरी मेख आहे कंटेनरची. लग्नाचा आचारी भांडी, मसाले सारे सोबत आणतो. चूल कोणाच्याही अंगणात मांडा, चव तीच. तशी प्रत्येक प्रणाली तिला लागणाऱ्या सर्व सामग्रीसह एकत्र बांधलेली असते. याची गरज काय? २०१२ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक अभ्यास आला. तीच चित्रे फ्रीसर्फर या प्रणालीच्या जुन्या व नव्या आवृत्त्यांनी मोजली, तेव्हा मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला. यंत्र बदलले तरी आकडे हलले. माणूस तोच, मेंदू तोच, माप मात्र वेगळे!

आणि मापाचा प्रश्न केवळ विज्ञानवाल्यांचा नाही. हैदराबादच्या ट्रिपल आय.टी.ने २०१९ साली शंभर भारतीयांच्या चित्रांवरून मेंदूचा नकाशा केला. सरासरी भारतीय मेंदू पाश्चात्त्य नमुन्याहून लांबीरुंदीने लहान निघाला. उद्या कोणी त्यावरून बुद्धीचा हिशेब मांडू लागला, तर त्याला अडवणार कोण? इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र शिकलेला माणूसच. पण ते आकडे कसे निघतात हे त्याने एकदा तरी स्वतः पाहिलेले हवे.

"दोन तास बटणे दाबून कोणी डॉक्टर होत नाही," असे एक सर म्हणाले. अगदी मान्य. निदान करणे आमचे काम नव्हेच. आम्हाला प्रश्न विचारता यावेत, एवढेच मागणे आहे.

मित्रहो, आपले ओझर वाघाडच्या कालव्याच्या शेपटाला. पाणी वरच मुरायचे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या, मोजून पाणी घ्यायची शिस्त लावली आणि शेपटाच्या शिवारात पाणी आले. ज्ञानाचा कालवा आज ओझरपर्यंत पोचला आहे. आपल्या दारावर मात्र कुलूप आहे! संगणक कक्ष रोज संध्याकाळी दोन तास कला शाखेला उघडा ठेवावा, एका प्राध्यापकांनी देखरेख करावी, वापराची नोंदवही आम्ही विद्यार्थी ठेवू. नवे यंत्र नको, अनुदान नको. फक्त किल्ली हवी.

— तृतीय वर्ष कला (मानसशास्त्र)