‘बेगुनाह’ची अट

आपल्याकडे तुरुंगाचा विषय निघाला की पहिला शब्द येतो ‘बेगुनाह’. अब्दुल वाहिद शेख यांच्या उर्दू पुस्तकाचं नावच ‘बेगुनाह क़ैदी’ आहे. तो त्यांचा हक्कच आहे. शाळामास्तर माणूस. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात नऊ वर्षं आत राहिला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये तेरा आरोपींपैकी एकटा निर्दोष सुटला. माझं भांडण त्यांच्याशी नाही. भांडण आहे आपल्या जलशांशी, आपल्या उर्दू-मराठी लेखांशी आणि आमच्या स्टाफरूमशीही. माणूस बेगुनाह असेल तरच त्याच्यासाठी तोंड उघडायचं, अशी एक अट आपण स्वतःवर घालून घेतली आहे. या अटीमुळे अंडा सेलबद्दल आपण आजवर धड एक वाक्य बोललेलो नाही.

अंडा सेल म्हणजे जेलच्या आतलं जेल. मुंबईत आर्थर रोडला आहे, येरवड्याला आहे, नागपूरला आहे. अंड्याच्या आकाराच्या उंच भिंतीच्या आत कोठड्या. समोर भिंत, मागे भिंत, झाड दिसत नाही. नागपूरच्या अशाच कोठडीत राहिलेल्या अरुण फरेरा यांनी आपल्या तुरुंगाच्या आठवणींत तिचं वर्णन केलं आहे.

आता कायदा काय म्हणतो? इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत ७३ आणि ७४ ही कलमं घातली. १ जुलै २०२४ पासून तीच भारतीय न्याय संहितेत ११ आणि १२ झाली. एकांतवास ही शिक्षा आहे आणि ती फक्त न्यायालय देऊ शकतं. तीही सक्तमजुरीच्या कैद्याला, एकूण तीन महिन्यांपर्यंत, एका वेळी चौदा दिवसांपर्यंत, आणि दोन खेपांच्या मध्ये तेवढाच काळ मोकळा सोडून. कच्च्या कैद्याला तर नाहीच नाही. म्हणजे गोऱ्या साहेबालाही चौदा दिवसांपुढे भीती वाटत होती. मग वर्षानुवर्षं माणसं अंडा सेलमध्ये राहतात कशी? सोपं आहे. कागदावर ‘एकांतवास’ हा शब्द लिहायचाच नाही. ‘सुरक्षा’ लिहायचं, ‘विशेष विभाग’ लिहायचं. मुलांना आम्ही हममानी, म्हणजे समानार्थी शब्द शिकवतो. तुरुंग खात्याला ते आमच्यापेक्षा जास्त येतात.

फाशीच्या कैद्यांचं तसंच. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यात सांगितलं, की अपील आणि दयेचा अर्ज पूर्ण संपेपर्यंत माणूस ‘फाशीचा कैदी’ धरता येत नाही आणि त्याला इतरांपासून तोडता येत नाही. २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात तेच पुन्हा बजावलं. तरीही येरवड्याला आणि नागपूरला फाशी यार्ड आहेच. लोकल स्फोट खटल्यात ३० सप्टेंबर २०१५ रोजी पाच जणांना फाशी सुनावली गेली. त्यातला एक आपल्या जळगावचा. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना सोडलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढं ठरलं, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. पाचांपैकी कमाल अन्सारी २०२१ मध्येच कोरोनाने नागपूरच्या तुरुंगात वारले. निर्दोष ठरले तेव्हा ते चार वर्षं मातीत होते.

पाहा, मीही पुन्हा बेगुनाहांवरच आलो. मोह तसाच आहे. प्रा. जी. एन. साईबाबा यांचंही तेच. नव्वद टक्के अपंग, चाकांच्या खुर्चीवरचा माणूस नागपूरच्या अंडा सेलमध्ये. ५ मार्च २०२४ रोजी निर्दोष सुटले आणि १२ ऑक्टोबरला गेले.

तेव्हा अवघड प्रश्न विचारू या. कसाबचं काय? २००८ च्या हल्ल्यातल्या नऊ मारेकऱ्यांना मुंबईच्या मुसलमानांनी आपल्या कब्रस्तानात जागा नाकारली. दहशतीबद्दल आपलं मत त्याहून स्पष्ट कसं सांगायचं? पण न्यायालयाने कसाबला फाशी दिली, एकांतवास दिला नव्हता. जी शिक्षा न्यायाधीशाने लिहिली नाही ती जेलरने द्यायची नाही, मग समोर कसाब असो की आणखी कोणी. मालेगावच्या २००८ च्या खटल्यातल्या आरोपींनी कोठडीत छळ झाल्याच्या तक्रारी केल्या, तेव्हा आपल्यातले कित्येक हसले. ते हसू आपल्याच पोरांच्या विरोधात पुरावा म्हणून वापरलं जाईल.

आणि सरकारला काय जमत नाही ते नाही. विजय मल्ल्याला परत आणायचं होतं, तेव्हा २०१८ मध्ये लंडनच्या न्यायालयाला आर्थर रोडच्या बरॅक नंबर बाराचं चित्रीकरण पाठवलं. उजेड किती येतो, संडास कसा आहे, सगळं. त्याच जेलमधल्या अंडा सेलचं चित्रीकरण कुठल्या न्यायालयाने मागवायचं?

एकांतात माणूस तौबा करतो, असं आपलेच काही बुजुर्ग म्हणतात. अमेरिकेतल्या पुण्यवान ख्रिस्ती मंडळींनाही असंच वाटलं होतं. त्यांनी १८२९ मध्ये फिलाडेल्फियात त्याच कल्पनेवर तुरुंग उघडला. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स तो पाहून आला आणि शरीराच्या छळापेक्षा हे वाईट, असं लिहून मोकळा झाला. एतिकाफ आपल्या मर्जीने असतो, मशिदीत असतो, बाजूला जमात उभी राहते आणि ईदचा चाँद दिसला की माणूस घरी जातो. हज़रत यूसुफ़ अलैहिस्सलाम यांना मिसरच्या कैदखान्यातही बोलायला दोन साथीदार होते.

अमेरिकेने पुढे ‘सुपरमॅक्स’ बांधले. इलिनॉय राज्यातल्या टॅम्सचा सुपरमॅक्स १९९८ मध्ये सुरू झाला. तिथल्या कैद्यांना काही कवी-कलावंतांनी कविता पाठवायला सुरुवात केली. उत्तरं येत गेली, की कविता ठीक, पण इथून बाहेर काढायला काही करा. मग कैद्यांच्या आया त्यात आल्या, २००८ मध्ये मोहीम उभी राहिली आणि जानेवारी २०१३ मध्ये तो तुरुंग बंद झाला. आत खूनी होते, निरपराधही असतील. आयांनी यादी करून निवड केली नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मंडेला नियमांत पंधरा दिवसांची हद्द घातली, तीही गुन्हा न विचारता.

जमियतच्या वकिलांनी खटले लढवले, शाहिद आझमींनी २०१० मध्ये जीव दिला. आपण लिहिणाऱ्यांनी निदान दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावावं. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा, कारागृह मुख्यालय पुण्याला आहे. अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो, तेवढे पुरतात. राज्यातल्या प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात आज किती बंदी एकट्या कोठडीत आहेत? प्रत्येक जण कोणत्या तारखेपासून? कोणाच्या लेखी आदेशाने? नावं विचारायची नाहीत, गुन्हाही नाही. मेहरूणमधून एक अर्ज जाईल. धुळे, मालेगाव, भुसावळ इथल्या वाचकांनी आपापला पाठवावा.