सरळ रेणू आणि केळ्यासारखे रेणू

बेस्टची वीज शीव आणि माहीमपर्यंत येते, पुढे उपनगरात कंपनी बदलते. आमचे शीवचे वाचक म्हणजे बेस्टचे शेवटचे गिऱ्हाईक! त्यांच्या जिन्याखालच्या पेटीतून चाकाचे मीटर गेले आणि आकड्यांचे आले. राखाडी काचेवर काळे आकडे. हे आकडे दिव्याचे नाहीत, ते रेणूंच्या शिस्तीचे आहेत. ते कसे, हे मुलांनी विचारले तर सांगता यावे म्हणून आज हा विषय घेतला आहे.

काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये केसाहूनही पातळ असा एका द्रवाचा थर असतो. तो पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकातल्यासारखे एका दिशेला तोंड करून राहतात. म्हणून त्याला द्रवस्फटिक म्हणतात. 1888 साली फ्रीडरिश रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरापासून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगात तो प्रथम दिसला. सुमारे 145 अंशांना पदार्थ वितळून गढूळ झाला आणि 178 अंशांच्या आसपास एकदम स्वच्छ झाला. एका पदार्थाला वितळण्याच्या दोन जागा कशा, हे कोडेच होते.

सकाळच्या गाडीच्या दारातली गर्दी आठवा. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला, पण कोणाची जागा ठरलेली नाही. अगदी हीच नेमॅटिक अवस्था. दिशा आहे, जागा नाही. तीच माणसे बाकांवर रांगेने बसली की स्मेक्टिक, म्हणजे थरांची अवस्था झाली. मीटरमधले रेणू सरळ, काडीसारखे असतात आणि वरच्या काचेपासून खालच्या काचेपर्यंत पाव वेढा घेत जातात. त्यांच्याबरोबर प्रकाशही वळतो आणि बाहेर पडतो. वीज लागली की रेणू उभे राहतात, प्रकाश अडतो आणि तेवढा भाग काळा दिसतो.

उन्हात राहिलेला कॅलक्युलेटर काळवंडतो आणि थंड झाला की सुधारतो, त्याचेही कारण हेच. फार उष्णतेने रेणूंची दिशा मोडते. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. मीटरची काच कोरी दिसली म्हणजे मोजणी थांबली असे नव्हे. मोजणी आत वेगळ्या भागात होते. तेव्हा वीज फुकट मिळाली असे समजून स्वस्थ बसू नका, लेखी तक्रार करून पोच घ्या. नाहीतर अंदाजे बिल येते आणि मग भांडत बसावे लागते.

आता वाकड्या रेणूंकडे येऊ. जर्मनीतील हाले येथील फोरलेंडर यांनी 1930 च्या सुमारास असे रेणू तयार केले होते, पण चांगला द्रवस्फटिक सरळ रेणूंचाच, असे त्यांचे मत. ते पुढे कित्येक दशके टिकले. 1996 साली टोकियोच्या संशोधकांनी दाखवले की वाकडे रेणू विजेची ठराविक दिशा धरणारे थर रचतात, आणि जगाचे लक्ष तिकडे वळले.

केळीवाल्याची गाडी पाहा. केळी एकात एक बसवायची तर प्रत्येकाचा बाक एकाच बाजूला हवा. काडी स्वतःभोवती फिरली तरी शेजारणीला कळत नाही, केळे फिरले की सगळी रास बिघडते. म्हणून वाकड्या रेणूंना दोन दिशा सांभाळता याव्यात, एक लांबीची आणि एक बाकाची. वाहत्या द्रवात दोन्ही दिशा टिकल्या तर त्याला द्विअक्षीय नेमॅटिक म्हणायचे. अशी अवस्था असू शकते असे गणित 1970 सालीच मांडले गेले होते. 2004 साली वाकड्या रेणूंमध्ये ती सापडल्याचे दोन गटांनी जाहीर केले. आनंद मोठा होता, कारण लांब काडी आडवी-उभी करण्यापेक्षा नुसता बाक फिरवणे सोपे आणि चित्र जलद बदलणार. मग शंका निघाल्या. त्या द्रवात रेणूंचे बारीक बारीक पुंजके असतात, आणि शिस्त पुंजक्यापुरतीच असून पूर्ण द्रवाची नव्हे, असे बऱ्याच जणांना वाटते. आम्हालाही हेच म्हणणे अधिक पटते.

या कामात आपला देश मागे नाही. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी 1977 साली थाळीसारख्या चपट्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात हे दाखवले आणि ते 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात छापले. त्याच संस्थेत प्रतिभा, मधुसूदन आणि सदाशिव यांनी सरळ रेणूंत वाकडे रेणू मिसळले. वाकड्यांचे प्रमाण बदलले की त्यांची बसण्याची दिशाही बदलते, असे त्यांना आढळले. ते काम 2000 साली अमेरिकेच्या 'सायन्स'मध्ये आले.

पुढे 2011 च्या सुमारास आणखी एक नेमॅटिक ओळखू आली. तिच्यात मधून वाकलेले रेणू स्क्रूच्या आट्यांसारखे वळत जातात आणि एक वेढा अवघ्या आठ-दहा नॅनोमीटरचा. दुकानात मिळणाऱ्या टीव्हीत मात्र अजून सरळ रेणूच आहेत. द्रवस्फटिक हाताने चाचपायचा असेल तर न्हाणीत जा. साबणाच्या डबीच्या तळाशी जो बुळबुळीत लगदा साचतो ना, तोही द्रवस्फटिकच.